नाव घ्यायला जागा नसलेलं गाणं

शेषराव पाईकराव पहिल्यांदा नजरेत भरले ते सेनगावच्या स्टँडवर, एका भांडणात. भांडण त्यांचं एकट्याचं नव्हतं. जीपमधल्या दहा-बारा माणसांनी मिळून ते बाहेर उभ्या असलेल्या एका माणसाशी चालवलं होतं. काळी-पिवळी जीप स्टँडवर येऊन थांबली होती, इंजिन बंद झालं होतं, मागचं दारही उघडलं होतं, पण आतलं कुणी उतरत नव्हतं. बाहेरच्याला परतीच्या फेरीत खिडकीजवळची जागा हवी होती.

"अहो, उतरा की. सेनगाव आलं."

"आलं तर येऊ द्या," आतून एक बाई म्हणाली. "शेवटचं कडवं राहिलंय."

"कशाचं कडवं?"

"गाण्याचं. आन् कशाचं?"

पुढे स्टीअरिंगवर अंगानं सडपातळ, पांढऱ्या शर्टाचा, गळ्याला निळा रुमाल बांधलेला एक गृहस्थ डोळे मिटून बसला होता. त्यानं डोळे न उघडता एक हात वर केला. त्याच वेळी स्पीकरमधलं गाणं थांबलं, नुसती हलगी वाजत राहिली, आणि त्या मोकळ्या जागेत गृहस्थानं मान मागे वळवून खणखणीत आवाजात पुकारा केला: "साखऱ्याच्या सखुबाई पोले यांच्याकडून या गाण्याला दहा रुपये बक्षीस! पार्टी त्यांची आभारी आहे!"

जीप हसली, टाळ्या पडल्या, गाणं पुन्हा उचललं गेलं आणि थोड्या वेळानं संपलं. मग सगळे शिस्तीत उतरले. सखुबाई, म्हणजे ती कडव्याची बाई, भाजीची पाटी डोक्यावर घेत म्हणाली, "माझे दहा रुपये उद्या देते, शेषराव."

"तुमी वर्षभराचे उद्याच देणार, माहीत हाय मला," शेषराव म्हणाले.

पैसे कुणी देत नव्हतं, कुणी मागतही नव्हतं. गावोगावच्या गायनाच्या कार्यक्रमात ऐकणारा माणूस गाणं चालू असताना उठतो, मंचापाशी जाऊन दहाची नोट देतो, आणि गायक दोन ओळींच्या मधे त्याचं नाव घेतो. नोट फक्त निमित्त असते. खरं काय ते नाव. आपलं नाव माइकवरून, गाण्याच्या मधे, सगळ्या गावाच्या कानावर पडतं. शेषरावांनी तेवढं नाव घेणं उचलून आपल्या जीपमध्ये आणलं होतं. साखरा ते सेनगाव या रस्त्यावर ज्यांचं नाव कुठल्याच माइकवरून कधी घेतलं गेलं नव्हतं, त्यांचंही नाव या जीपमध्ये घेतलं जायचं. त्यामुळे दुसऱ्या जीपा मोकळ्या उभ्या असल्या तरी लोक हिची वाट बघत थांबत. गाण्याची जीप म्हणूनच ती ओळखली जायची.

आणि गाणी एकाच पार्टीची. पार्टीचं नाव कोरडवाहू. जवळा बाजारची तीन मुलं. रत्नपाल गाणी लिहायचा, गिटार वाजवायचा आणि गायचा. त्याची बहीण शीतल त्याच्याबरोबर गायची. बालाजी नावाचा एका शेतकऱ्याचा मुलगा हलगी वाजवायचा. ती तिघं स्वतःला बँड म्हणवायची. शेषराव पार्टी म्हणायचे. मुलांनी एकदोनदा दुरुस्ती करून पाहिली आणि सोडून दिली.

सहा वर्षांपूर्वी एका लग्नाचं भाडं घेऊन शेषराव जवळा बाजारला गेले होते. तो बाजाराचा दिवस होता. चहा पिताना त्यांना हलगी ऐकू आली आणि कप हातातच राहिला. त्यांच्या घरात हलगी हा शब्द चालत नव्हता. वडिलांनी गावकीचं वाजवणं, म्हणजे गावाच्या सणा-मयताला वाजवायचं पिढीजात काम, सोडलं तेव्हा हलगी खाली ठेवली. "जी ठेवली ती ठेवली," एवढंच ते म्हणायचे आणि त्यात सगळं आलं. शेषराव आवाजाच्या दिशेनं गेले तर कापसाच्या गाड्यांच्या आडोशाला तीन तरुण पोरं गाणं म्हणत होती. बाबासाहेबांवरचं एक झालं, मग भरतीच्या परीक्षेचं एक, आणि मग ते:

"लाइट गेली, मोटार बंद, पाणी अर्ध्या वाफ्यात."

आजूबाजूचे बाजारकरी "अर्ध्या वाफ्यात!" म्हणून ओरडत होते. कारण ते प्रत्येकाच्या शेतात झालेलं होतं, बहुधा त्याच आठवड्यात.

शेषरावांनी खिशातून नोट काढली आणि पुढे गेले. रत्नपालनं नाव विचारलं आणि गाण्याच्या मधे घेतलं: "साखऱ्याचे शेषरावमामा पाईकराव!" त्याआधी शेषरावांचं नाव माइकवरून घेतलं गेलं होतं ते फक्त पंचायतीच्या पाणीपट्टीच्या थकबाकीत.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी रत्नपालला बाजूला घेतलं. "पोरा, गाणं बराबर हाय. पण हे वाजवणं आपल्या आधीच्यांनी सोडलं. तुमी काहून घेतलं?"

रत्नपाल तेव्हा बावीस वर्षांचा असेल. तो म्हणाला, "मामा, त्यांनी लोकांच्या हुकमावर वाजवणं सोडलं. आमी आमच्या गाण्यावर वाजवून राहिलो."

हे वाक्य शेषरावांनी साखऱ्यापर्यंत मनात घोळवत आणलं. पटायला त्यांना बरेच दिवस लागले. पटल्यावर मात्र त्यांनी ते जीपमध्ये इतक्या जणांना ऐकवलं की पुढे लोकच त्यांना ऐकवू लागले.

*

साखऱ्याच्या भीमजयंतीला गाण्याचा कार्यक्रम कुणाचा ठेवायचा, हे बारा वर्षं शेषराव ठरवत आले होते. पद असं काही नव्हतं. कमिटी बसली की शेवटी कुणीतरी म्हणायचं, "गाण्याचं काय ते शेषरावला विचारा." बास. एवढाच त्यांचा मान. दोन एकर जमीन भावाकडे, जीप कर्जफेड होऊन नुकतीच स्वतःची झालेली, मुलगी नांदेडला दिलेली. गावानं विचारावं अशी त्यांच्याकडे ही एकच गोष्ट होती, आणि ती ते फार जपायचे.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत कमिटी बसली तेव्हा अध्यक्ष नवा होता. धम्मानंद, वय एकतीस, सेनगावात खताच्या दुकानात कामाला. पोरगं हुशार, बोलायला मऊ. तो म्हणाला, "काका, या वर्षी डीजे आणू. पोरांना नाचायचं असतं. गाणं ऐकत बसायला आता कुणाला येळ हाय?"

"कोरडवाहू पार्टी दोन वर्षं झाली पुण्याला हाय," शेषराव म्हणाले. "या वर्षी ते येतो म्हणून राहिले. मी बोललोय रत्नपालसंगं."

"पण लोकं बसतील का?"

आता यावर 'बसतील' एवढं म्हणून भागलं असतं. पण 'कुणाला येळ हाय' हे शेषरावांना लागलं होतं. ते म्हणाले, "मी शब्द देतो. लोकं शेवटपर्यंत बसून राहतील. उठून गेले, तर पुढल्या सालापासून गाण्याचं मला विचारू नका."

असं कुणी मागितलं नव्हतं. धम्मानंद तर गोंधळूनच गेला. "अहो काका, तसं कुठं म्हणालो मी?"

"तू न्हाई म्हणाला. मी म्हणालो."

मग फेब्रुवारी आला आणि नवी गाणी आली.

*

रत्नपालनं ती फोनवर पाठवली होती, पाच गाणी. शेषरावांनी आधी एकट्यानं ऐकली नाहीत. असली चीज एकट्यानं खायची नसते, अशी त्यांची समजूत. पेनड्राइव्हवर घेतली आणि सकाळच्या फेरीला, जीप भरल्यावर, सखुबाई पुढच्या सीटवर बसल्यावर, लावली.

स्पीकरमधून एक बारीक घुमणारा आवाज आला. विहिरीच्या तोंडाशी कान दिला तर येतो तसा. तो येतच राहिला.

"शेषराव," सखुबाई म्हणाल्या, "टेप बिघडला का?"

"थांबा. सुरू व्हायचंय अजून."

साखरा मागे पडलं. हळदीची शेतं गेली, फाटा आला, फाट्यावर दोन माणसं चढली, तरी गाणं सुरू व्हायचंच होतं. नव्यानं चढलेल्यांपैकी एकानं खाली वाकून पाहिलं. त्याला वाटलं, इंजिनाचा पट्टा चालला. मग एकदम शीतलचा आवाज आला, पण हळू, भांडी घासताना बाई स्वतःशी गुणगुणते तसा:

"धरणाचं पाणी खाली गेलं."

जीप सावरून बसली. पुढची ओळ आली की उचलायची म्हणून दोघातिघांनी श्वास घेतला.

"खाली गेलं," शीतल म्हणाली.

"मग?" मागून कुणीतरी विचारलं.

"खाली गेलं," शीतल पुन्हा म्हणाली, आणि पुन्हा तो घुमणारा आवाज.

"आरं, पण मग झालं काय? गेलं तर गेलं खाली!"

"सिद्धेश्वर धरणाचं असंल," दुसरा म्हणाला. "यंदा गेलंय खाली."

शेषराव नाव घ्यायला टपून बसले होते. त्या दिवशी त्यांनी फाट्यावर चढलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं नाव आधीच विचारून ठेवलं होतं, कारण ते पहिल्यांदाच या जीपमध्ये बसले होते. गाणं थांबलं की नाव. पण गाणं थांबेना, आणि नीट चालेनाही. मोकळी जागा म्हणावी तर सगळी मोकळीच होती, आणि म्हणू नये तर शब्द घालायला कुठे फट नव्हती. एकदा त्यांनी धीर करून तोंड उघडलं, "साखरा फाट्याचे..." आणि नेमका शीतलचा आवाज आला. त्यांना एकदम कुणाच्या देवघरात चपलांसकट गेल्यासारखं झालं. ते गप्प बसले. म्हातारे गृहस्थ सेनगावला बिननावाचे उतरले.

शेषराव जीप तशीच उत्तमसिंगच्या दुकानासमोर घेऊन गेले. उत्तमसिंग स्टँडमागे गाड्यांचे हॉर्न, दिवे आणि स्पीकर बसवायचा. त्यानं स्पीकर खोलला, फुंकला, वायरी हलवल्या, पेनड्राइव्ह शर्टाला पुसून दुसऱ्या गाडीत लावून पाहिला. मग पानाची पिंक टाकून आला.

"शेषरावभाऊ, स्पीकर बराबर हाय."

"मग ते घूं घूं काय येऊन राहिलं?"

"ते गाण्यातच हाय."

"गाण्यात कसं असंल? अर्थिंग बघ एकदा."

"बघितली. माझ्या मशीनवरबी तसंच घुमतंय. त्यांनी मुद्दाम टाकलंय ते."

"मुद्दाम काहून टाकतील?"

"ते मला काय इचारता? मी स्पीकरवाला हाय," उत्तमसिंग म्हणाला. "पण पैसे घेत न्हाई तुमचे. बिघाडच सापडला न्हाई तर कशाचे घेऊ?"

*

पुढचे दोन महिने जीपमध्ये दुसरा विषय नव्हता. जो तो आपापलं निदान घेऊन चढायचा. एक म्हणाला, पुण्याची हवा लागली. दुसऱ्याचं म्हणणं, रत्नपालच्या घशाचं काहीतरी झालंय आणि डॉक्टरनं मोठ्यानं बोलायला मनाई केलीय. सखुबाईंना वाटलं, त्यांच्या घरात कुणीतरी गेलं असावं. "गाण्यावरून कळतं. आमच्या जाऊबाईचा भाऊ गेला तेव्हा ती असंच बोलायची. अर्धंच बोलायची." कॉलेजला जाणारी आरोही नावाची एक मुलगी मात्र कानाला दोऱ्या लावून तीच गाणी ऐकायची आणि म्हणायची, छान आहेत. "काय छान हाय त्यात?" असं सगळ्या जीपनं विचारलं की ती लाजून म्हणायची, "सांगता नाही येत." यावर जीप म्हणायची, "बघा!"

शेषराव कुणाच्याच बाजूनं बोलत नव्हते. त्यांना टोचत होतं ते वेगळंच. पाचही गाण्यांत हलगी नव्हती. आधी वडिलांनी नको म्हटलं ते त्यांना कळलं होतं. मग या पोरांनी हवी म्हटलं, तेही त्यांनी मेहनतीनं समजून घेतलं होतं आणि अख्ख्या रस्त्याला समजावलं होतं. आता पुन्हा नको? मग ते वाक्य, जे त्यांनी एवढ्या लोकांना ऐकवलं, त्याचं काय करायचं?

शेवटी त्यांनी फोन केला.

"मामा! ऐकली का गाणी?" रत्नपालचा आवाज चांगला खणखणीत होता. घशाचं निदान तिथेच संपलं.

"ऐकली. घरी सगळे बरे हायेत ना?"

"मजेत. काहून?"

"न्हाई, सहज. ते... कार्यक्रमाला जुनी गाणी म्हणशीन ना? लाइट गेली, ते?"

"मामा, जुनी आता म्हणवत न्हाईत."

"काहून म्हणवत न्हाईत? लोकांना पाठ हायेत."

"तेच ना. पाठ हायेत म्हणून लोकं ऐकतच न्हाईत. पुढच्या ओळीची वाट बघत बसतात. आमी तिथं नसलो तरी चालतंय."

"पाठ हाय म्हणजे चांगलंच की रे! गाणं पाठ व्हावं म्हणून तर म्हणतात."

"मामा, तुमाला कसं सांगू? आमी लई दिवस ओरडलो. आता जरा हळू बोलून बघतो."

"हळू बोल, पण बोल तरी," शेषराव म्हणाले. "धरणाचं पाणी खाली गेलं, त्याच्यापुढं तू काहीच सांगितलं न्हाईस."

रत्नपाल हसला. ते हसणं ओळखीचं होतं, म्हणून शेषरावही हसले. दोघांनी फोन ठेवला तेव्हा काय ठरलं ते दोघांनाही माहीत नव्हतं. आपण कमिटीला शब्द दिलाय, हे शेषरावांनी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरानं त्यांच्यासाठी जुनी गाणी म्हटली असती, आणि नाइलाजानं म्हटलेलं गाणं ऐकण्याची त्यांची तयारी नव्हती.

*

आसपासच्या गावांच्या जयंत्या उरकल्या की मग साखऱ्याची होते. मे महिन्यात, दिवेलागणीला, विहारासमोर मांडव भरला. लोक चांगले आले. जवळच्या दोन गावांतून आले, सखुबाई आपल्या गल्लीतल्या बायका घेऊन आल्या. धम्मानंदनं स्वतः सतरंज्या टाकल्या. मंचावर गिटार होतं, दोन माइक होते, आणि बालाजीच्या मांडीसमोर एका चौरंगावर हलगीच्या जागी एक चपटं यंत्र होतं. बालाजी त्यावर बोटं टेकवून बसला होता.

"तो काय टाइप करून राहिला?" मागून कुणीतरी विचारलं.

"पावती फाडून राहिला असंल," दुसऱ्यानं सांगितलं.

घुमणारा आवाज सुरू झाला. लोकांना वाटलं, माइकची तपासणी चाललीय, म्हणून ते आपसात बोलत राहिले. शीतलनं पहिली ओळ म्हटली तेव्हा निम्म्या मांडवाला ती कळलीच नाही. पहिलं गाणं संपलं तेव्हा संपल्याचंही कळलं नाही. टाळी कुठे वाजवायची, हे शोधत लोक एकमेकांकडे बघत होते. एका माणसानं एकट्यानंच वाजवली आणि हात मांडीखाली घेतले.

शेषराव मंचाच्या बाजूला खांबाला धरून उभे होते. त्यांचं लक्ष गाण्याकडे नव्हतंच. ते सतरंज्या बघत होते. कोण उठतंय? कोण चपला शोधतंय? एक बाई उठली तशी त्यांची नजर तिच्यामागे गेली. लेकराला बाजूला नेऊन ती परत येऊन बसली.

दुसरं गाणं धरणाचं. आणि त्यात पार्वतीबाई उठल्या.

पार्वतीबाई गावातल्या सगळ्यांत वयस्क. दर जयंतीला पहिली नोट त्यांची असायची. त्यांचं नाव घेतल्याशिवाय दुसऱ्या कुणी पुढे जायचं नाही, हा साखऱ्याचा रिवाज. त्या काठी टेकत मंचासमोर गेल्या, दहाची नोट पुढे धरली आणि उभ्या राहिल्या. रत्नपालचे डोळे मिटलेले. शीतलचेही मिटलेले. बालाजी यंत्रात खाली बघत होता. गाणं थांबेना.

पार्वतीबाईही हलेनात. नाव घेतल्याशिवाय मागे फिरायचं कसं? नोट तशीच पुढे धरून त्या उभ्या. आता रिवाजानं दुसरा नंबर ज्याचा तो उठला आणि त्यांच्या मागे उभा राहिला. मग तिसरा. बायकांमधून सखुबाई उठल्या. बघता बघता मंचासमोर हातात नोटा घेतलेल्या माणसांची रांग लागली, मांडवाच्या मध्यापर्यंत. कुणी बोलत नव्हतं. बोललं तर गाण्यात जायचं. सगळे उभ्याउभ्या, धरणाचं पाणी खाली जाताना ऐकत होते.

धम्मानंद शेषरावांजवळ आला. "काका, लोकं उठले."

"उठले," शेषराव म्हणाले.

"पण गेले न्हाईत."

"गेले न्हाईत."

"मग याला काय म्हणायचं?"

"मला काय माहीत, बाबा!"

गाणं संपलं. रत्नपालनं डोळे उघडले आणि समोर अर्धं गाव उभं राहिलेलं पाहून तो घाबरला. त्याला वाटलं, लोक जाब विचारायला आलेत. शीतलनं त्याची बाही धरली. त्या शांततेत शेषराव मंचावर चढले, शीतलपुढचा माइक घेतला आणि पुकारा केला: "साखऱ्याच्या पार्वतीबाई खंदारे यांच्याकडून या गाण्याला दहा रुपये!" आवाज सवयीनं जोरात निघाला आणि चिडीचूप मांडवात फारच मोठा वाटला. मागे हलगी नव्हती. पुढचं नाव त्यांनी हळू घेतलं. त्याच्या पुढचं आणखी हळू. गाण्याशिवाय नुसती नावं. एकेक जण नोट ठेवायचा, नाव ऐकायचा, जागेवर जाऊन बसायचा. गाण्याहून नावांनाच जास्त वेळ लागला. सखुबाईंचं नाव आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आज खरंच दिले बरं का," आणि मांडव पहिल्यांदा मोकळा हसला.

उरलेली तीन गाणी झाली. प्रत्येक वेळी लोक गाणं संपेपर्यंत थांबले आणि मग रांग. कुणी घरी गेलं नाही. कुणी डोललंही नाही. शेवटी लोक घराकडे निघाले ते मोठ्या सभेतून निघावं तसे, गंभीर चेहऱ्यानं. त्यांतल्या एकानं शेषरावांना विचारलं, "पुढं काय होणार हाय का?" आणि तो काय विचारतोय हे शेषरावांना कळलं नाही.

सामान आवरताना रत्नपाल त्यांच्याजवळ आला. "मामा, लोकांना आवडलं का न्हाई?"

"मला इचारू नको."

"तुमाला?"

शेषराव खरं बोलायचे. म्हणून त्यांनी आधी खाली पडलेली वायर उचलून बालाजीकडे दिली. मग त्यांनी मनातलं विचारलं. "हलगी काहून काढली?"

"काढली न्हाई मामा," हे बालाजी म्हणाला, वायर गुंडाळता गुंडाळता. "हाय की. धरणाच्या गाण्यात शेवटी शेवटी हाय. लांबून येते. मी शिवारात उभं राहून वाजवली आन् रत्नपालनं घरात बसून रेकॉर्ड केली."

"मला आली न्हाई ऐकू."

"लांब हाय म्हणून," बालाजी म्हणाला. त्याला ते पुरेसं वाटत होतं.

*

कमिटी बसली तेव्हा धम्मानंदच बोलला. मनानं चांगला पोरगा. "काका, तुमचा शब्द राहिला. लोकं गेले न्हाईत."

"मी म्हणालो होतो, बसून राहतील. उभे राहिले."

"आता तेवढं कोण धरतंय?"

"ते सोड. कार्यक्रम चांगला झाला का वाईट? सांग."

धम्मानंदनं बाकीच्यांकडे पाहिलं. कुणी छताकडे बघत होतं, कुणी मोबाइलमध्ये. "खरं सांगू काका? न्हाई सांगता येत."

"मलाबी न्हाई येत," शेषराव म्हणाले. "तुमाला न्हाई आलं तर चालतंय. पण गाण्याचं ज्याला इचारता त्यालाच जर सांगता येत न्हाई, तर त्याला इचारायचं काहून? पुढल्या सालापासून तू बघ."

लोकांनी समजूत घातली. पार्वतीबाईंनी तर बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, "लेकरा, माझं नाव बराबर घेतलंस की." पण शेषराव हलले नाहीत. रागानं नव्हे. त्यांना आपलं माप चुकतंय असं वाटत होतं, आणि माप चुकत असताना तराजू हातात धरणं त्यांच्यात बसत नव्हतं.

या वर्षी जयंतीला डीजे होता. पोरं नाचली. शेषराव मागे खुर्ची टाकून शेवटपर्यंत बसले, आणि पोरांनी ओढलं तेव्हा दोन पावलं नाचलेही. दुसऱ्या दिवशी सखुबाईंनी विचारलं, "कसा झाला कार्यक्रम?" तर ते म्हणाले, "धम्मानंदला इचारा."

जीप मात्र चालू आहे. सकाळी जाताना जुनी गाणी लागतात. लाइट जाते, मोटार बंद पडते, पाणी अर्ध्या वाफ्यात राहतं, आणि हलगीच्या मोकळ्या जागेत नावं घेतली जातात. दुपारी परतताना गर्दी कमी असते, तेव्हा शेषराव धरणाचं गाणं लावतात. शेवटी शेवटी त्यांना काहीतरी ऐकू येतं. ठक, आणि थोड्या वेळानं पुन्हा ठक. पण ती हलगी की जीपचं ढिलं मडगार्ड, हे बरेच दिवस ठरेना. त्यांनी उत्तमसिंगकडून मडगार्ड आवळून घेतलं. त्यानंतरही आवाज आला. मग त्यांना वाटलं, वारा असेल. पुढच्या दोन्ही काचा कित्येक वर्षं अर्ध्यावर अडकलेल्या होत्या. त्याही उत्तमसिंगनं दुरुस्त केल्या.

"एवढं करून ऐकायचं काय हाय त्यात, शेषरावभाऊ?" त्यानं विचारलं.

"तेच बघून राहिलो," शेषराव म्हणाले.

परतीच्या फेरीला जीपच्या काचा आता बंद असतात, उन्हाळ्यातसुद्धा. सखुबाई पदरानं वारा घेत पुढच्या सीटवर बसतात आणि साखरा येईपर्यंत बोलत नाहीत.